बाहेरून बोलेल तो आत येईल

मी त्याचा आवाज आधी ऐकला आणि तोंड नंतर पाहिलं. दोन्ही वेळेला मला रागच आला.

नोव्हेंबरातला रविवार होता. समृद्धीला, म्हणजे माझ्या दहा वर्षांच्या लेकीला, क्रिकेटच्या क्लासवरून आणायला मी आमच्या पेठ गावातल्या घाटाशेजारच्या मैदानावर गेले होते. घाट म्हणजे आमच्याकडे बैलगाडा शर्यतीचा चढाचा रस्ता. मला उशीर झाला होता, हातावर नर्सरीतली माती तशीच होती आणि डोक्यात छप्पन्न कामं. पोरांचा सामना चालू आहे हे न बघता मी स्कूटी सरळ आत घातली. आणि भोंग्यातून आवाज आला… जाड, गोड, अख्ख्या मैदानावर पसरणारा.

"मैदानावर एका पांढऱ्या स्कूटीचं आगमन झालेलं आहे. ताई, आपण सध्या शॉर्ट मिडविकेटला उभ्या आहात. डोक्यावर हेल्मेट आहे, ही जमेची बाजू."

सगळं मैदान हसलं. पोरं हसली, लिंबाखालचे पालक हसले, माझी स्वतःची लेक बॅटवर रेलून हसली. माझे कान तापले. गाडी दोरीबाहेर नेऊन लावली आणि ठरवलं, या भोंग्याला एकदा गाठायचंच.

पण त्याआधी मीच घोळ घातला. समृद्धीनं बॉल ढकलला आणि तो बराच लांब गेला असं मला वाटलं. क्रिकेटमधलं मला काडीचं कळत नव्हतं, पण पळायचं कधी एवढं कळतं असा आपला माझा समज. मी जीव खाऊन ओरडले, पळ की गं. पोरगी आईचा आवाज ऐकून पळाली. समोरच्या टोकाचा मुलगा मात्र जागचा हलला नाही, हात वर करून नुसता थांब थांब म्हणत राहिला. समृद्धी अर्ध्यात पोचली तोवर स्टंप उडाले होते.

ती रडत रडत माझ्याकडे आली आणि म्हणाली, तू कशाला ओरडलीस.

तेवढ्यात राजमहंमद सर आले. सर जुन्नरचे. एके काळी टेनिस बॉलच्या स्पर्धांत त्यांचं नाव तीन तालुक्यांत घेतलं जायचं. आता पन्नाशी उलटली, एक गुडघा कामातून गेला, पण दर रविवारी मोटारसायकल काढून पोरांना शिकवायला पेठेला येतात म्हणजे येतात. ते रागावले नाहीत. लिंबाला टांगलेल्या पत्र्याकडे त्यांनी फक्त बोट केलं. पत्र्यावर खडूनं लिहिलं होतं, बाहेरून बोलेल तो आत येईल.

मला वाटलं, चेष्टा असेल. चेष्टा नव्हती. पुढच्या रविवारी सकाळी सातला बूट घालून यायचं, तासभर खेळायचं, पालकांची तुकडी वेगळी आहे, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. भोंग्यातून कुणीतरी फिसकन हसल्याचा आवाज आला. सर वळले.

"अमृत, तू पण. सकाळपासून बाहेरूनच बोलतोयस."

भोंगा एकदम गप्प झाला. तेव्हा मी पहिल्यांदा तोंड पाहिलं. टेबलामागं एक उंच, सावळा माणूस माईक हातात धरून असा बसला होता, की जणू मास्तरांनी बाकावर उभं केलेलं पोरगं. मला आतून लई बरं वाटलं.

घरी आबांना सांगितलं तर ते पाय चोळायचे थांबले. आबा म्हणजे माझे वडील हौशीराम. सहा वर्षांपूर्वी माझी फारकत झाली, चार वर्षांची समृद्धी काखेत घेऊन मी माहेरी आले, तेव्हा त्यांनी एकही प्रश्न विचारला नव्हता. दुसऱ्या दिवशी रस्त्याकडेच्या पंधरा गुंठ्यांवर शेडनेट बांधायला घेतली आणि म्हणाले, ही तुझी नर्सरी, मिरची लाव, टोमॅटो लाव, काय बी लाव. आबांचं आयुष्य बैलगाड्यांत गेलं. मी लहान असताना त्यांच्या बैलांची बारी, म्हणजे शर्यतीतली पाळी असली, की निवेदकानं भिर्रर्र केलं रे केलं, बैल सुटायचे आणि मीही घाटाच्या कडेनं फ्रॉक उचलून पळायचे. आई मागून हाका मारायची. माझ्या पायांना त्या भिर्रर्रची सवयच लागली होती.

"पळायला तर तुला लहानपनापासनं येतंय," आबा म्हणाले. "कधी थांबायचं त्येवढं शिकून घे."

तर असे माझे रविवार सुरू झाले. सातला मैदानावर दव असायचं, बुटांची टोकं भिजून जायची. मी ओढणी कमरेला आवळून बॅट धरली तेव्हा सर म्हणाले, ताई, धुणं धुवायचं नाहीये. मग समृद्धीच मला शिकवायला लागली. आई, डावं कोपर वर. आई, बॉलकडे बघ, माझ्याकडे नको. आई, पळताना शेवटी बॅट पुढे करून क्रीजच्या आत टेकवायची, नाहीतर आऊट. दहा वर्षं मी तिला हे कर ते करू नको करत आले होते, आता तिची पाळी. आणि तिनं काही म्हणता काही सोडलं नाही.

तिसऱ्या रविवारी पहिल्यांदा बॉल बॅटच्या मधोमध लागला. टक् असा आवाज आला, हाताला काहीच जाणवलं नाही आणि बॉल सरळ दोरीकडे. मी बॅट टाकून दोन्ही हात वर केले. समृद्धीनं मला मिठी मारली. किती वर्षांनी मी अशी मोठ्यानं हसले होते, देव जाणे.

आणि अमृत? हजारो बॉलांचं वर्णन केलेल्या त्या माणसानं जन्मात एकही बॉल खेळलेला नव्हता. मी विचारलं तेव्हा कारण कळलं. तो मूळचा घाटघरचा, नाणेघाटाच्या तोंडचं गाव.

"आमच्याकडं सपाट जागाच न्हाई," तो म्हणाला. "बॉल सुटला की कोकणातच जायचा. मग मी वर बसून नुसतं सांगायचो, कुठं गेला त्ये."

गुरांमागं हिंडताना या डोंगरावरून त्या डोंगरावर हाका मारून त्याचा आवाज तसा झाला होता. आठवडाभर तो मंचरला ठिबकच्या पाइपांचं फिटिंग करायचा आणि सुट्टीच्या दिवशी घाटात नाहीतर मैदानात माईक धरायचा. माईकवर त्याची भाषा अशी शुद्ध, की ऐकत राहावं. माईक खाली ठेवला की बिचाऱ्याला चार शब्द जुळवता येत नसत. बॉल टाकायला धावतानाही तो स्वतःशी पुटपुटायचा, अमृत धावत निघालेले आहेत, अमृत पोचलेले आहेत… आणि बॉल भलतीकडे.

एकदा असे ओळीनं चार बॉल लांबून गेले. मी बॅट काखेत धरून म्हणाले, "अहो, तुमचा बॉल मंचरला चाललाय. मी पेठेत उभी आहे."

तो घाम पुसत जवळ आला. "वाट चुकतो मी," म्हणाला. मग खाली बघून, अगदी हळू, "पन… येतो इकडंच."

"काय म्हणालात?"

"काय न्हाई." आणि बॉल आणायला असा पळाला, की जणू चौकारच जात होता.

मी ऐकलं होतं. मुद्दाम विचारलं होतं.

पुढच्या आठवड्यात मी त्याला सांगितलं, माईकवर मला ताई म्हणायचं बंद करा. मग काय म्हणू, असं त्यानं विचारलं, तर मी म्हटलं, तुमचं तुम्ही बघा. त्या दिवसापासून भोंग्यावर मी पांढऱ्या स्कूटीच्या मालकीणबाई झाले. मालकीणबाईंनी बॉल तटवलेला आहे. मालकीणबाई आज जरा घुश्शात दिसत आहेत. सगळं मैदान मला त्याच नावानं ओळखायला लागलं आणि मी वरवर चिडत राहिले. खरं सांगते, मला रविवारची ओढ लागली होती. शनिवारी संध्याकाळी रोपांना पाणी देता देता मी गुणगुणायचे आणि आबा उगाचच घसा खाकरायचे.

एकच गोष्ट मनाला टोचायची. ऋषी.

पहिल्या दिवशी समृद्धीसमोर हात वर करून उभा राहिलेला तो अकरा वर्षांचा मुलगा अमृतचा होता. चार वर्षांपूर्वी आजारपणात त्याची आई गेली. पोरगं खेळायला हुशार, वागायला नीट, समृद्धीशी बरं बोलायचं, पण माझ्याशी आपण होऊन एक शब्द नाही. खेळ संपला की मी डबा उघडायचे. गुळाच्या दशम्या, कधी तिखटमिठाच्या पुऱ्या. समृद्धी आणि अमृत तुटून पडायचे. मी ऋषीला हाक मारली की तो म्हणायचा, भूक नाय, आणि लांब जाऊन मैदानाच्या रोलरवर बसायचा. दर रविवारी मी त्याच्या वाटच्या दोन दशम्या जास्त करायचे आणि दर रविवारी त्या परत घरी यायच्या.

फेब्रुवारीत ऊन चढायला लागलं आणि नेमके माझ्या शेडनेटमधले फॉगर बंद पडले. फॉगर म्हणजे छताला लावलेले बारीक फवारे, रोपांवर धुक्यासारखं पाणी सोडतात. ते नसले तर कोवळी मिरची दोन दुपारींत माना टाकते. मी मंचरच्या दुकानात फोन केला, माणूस पाठवा. तासाभरात खांद्यावर पाइपचं वेटोळं घेऊन जो माणूस आला तो कोण असणार?

"मालकीनबाई," तो दारातच थांबून म्हणाला, "आत येऊ का?"

तासभर तो शिडीवर चढून एकेक फवारा काढत, फुंकत, परत बसवत होता. मी ट्रे उचलण्याचं निमित्त करून तिथंच घुटमळत होते. कामात असला की त्याचे हात अजिबात अडखळायचे नाहीत, हे मी पहिल्यांदा पाहिलं. शेवटी खाली उतरून त्यानं कॉक फिरवला. आधी नुसती फुसफुस झाली. मग तुंबलेलं सगळं पाणी एकदमच सुटलं आणि चारी बाजूंनी गार, पांढरं धुकं आमच्यावर उतरलं. मिरची दिसेना, दार दिसेना. आम्ही दोघं हसत सुटलो. त्याच्या भुवयांवर थेंब बसले होते, ते पुसायला माझा हात उचलला गेला होता… मी तो मागे घेतला.

"मला माईक नसला की बोलता येत न्हाई," तो म्हणाला.

"मग नका बोलू."

"पन हे माईकवर बोलायचं न्हाई." त्यानं हातातला पाना या हातातून त्या हातात घेतला. "तुमी… म्हंजे ऋषीला अन् मला… तुमी जर…"

आणि तिथंच अडकला. पुढचं मला कळलं होतं. कुठल्याही बाईला कळलं असतं.

"मला तुम्ही आवडता," मी म्हणाले. उगाच आढेवेढे घ्यायचं माझं वय नाही आणि स्वभावही नाही. "पण ऋषी माझ्या हातचा घास खात नाही. मी एका घरात नकोशी होऊन राहिलेय, मला माहीत आहे ते काय असतं. आता जिथं एकाला जरी मी नको असेन त्या घरात पाऊल टाकायचं नाही, असं मी तेव्हाच ठरवलंय. त्याला विचारू नका. समजावू नका. त्याचं त्याला वाटलं तर वाटलं."

"अन् न्हाईच वाटलं तर?"

धुकं विरत होतं, ट्रेमधली रोपं पुन्हा दिसायला लागली होती. जाताना तो दारात थांबला तेव्हा मात्र मला राहवलं नाही. म्हटलं, आणि पुन्हा कधी बोलाल तेव्हा वाक्य पूर्ण करा.

समृद्धीला मी त्याच संध्याकाळी विचारलं. तिनं जरा विचार केला आणि मग म्हणाली, अमृतकाका आले तर घरात माईक आणतील का? म्हणजे तिकडून काही अडचण नव्हती.

मार्चमध्ये, यात्रेच्या आधी, सरांनी सामना ठरवला. पालक आणि मूल अशा जोड्या, पण अदलाबदल करून. आपल्या पोराबरोबर खेळलं की माणूस आईबापच राहतो, ते म्हणाले, दुसऱ्याच्या पोराबरोबर खेळा, मग खेळाडू व्हाल. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी तिच्यात चिठ्ठ्या टाकल्या. अमृतबरोबर समृद्धी निघाली. माझ्याबरोबर ऋषी. टोपीत काय घडलं ते सरांनाच ठाऊक, मी कधी विचारलं नाही.

नियम सोपे होते. प्रत्येक जोडीला तीन ओव्हर. आऊट झालं तरी मैदान सोडायचं नाही, फक्त चार धावा वजा. आणि एक नियम सरांनी प्रत्येकाच्या तोंडून वदवून घेतला. हो, नाही, थांब, असे तीनच कॉल. ऐकायचा तो जोडीदाराचा. बाहेर कुणी कितीही ओरडू दे.

त्या दिवशी अर्धी पेठ मैदानावर होती. समृद्धी आणि अमृतनं एकवीस धावा केल्या, तोवरच्या सगळ्यांत जास्त. त्यातल्या अमृतच्या दोन, आणि त्या दोन केल्यावर त्यानं जी उडी मारली ती पाहून मी तोंडावर ओढणी धरली. मग शेवटची आमची पाळी. अमृत अजून मैदानातच, आता फिल्डिंगला, म्हणजे माईकवर कुणी नाही. आबा आपण होऊन उठले, टेबलाशी जाऊन बसले आणि माईकवर टिचक्या मारायला लागले. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

मैदानात जाताना ऋषी माझ्या दोन पावलं पुढे चालत होता. क्रीजशी थांबला आणि वळून म्हणाला, "मी सांगीन तवाच पळायचं."

‘भूक नाय’ सोडून अख्ख्या हिवाळ्यात त्यानं मला म्हटलेलं ते पहिलं वाक्य. मी मान डोलावली.

पहिली ओव्हर झकास गेली. तो हो म्हणायचा, मी पळायचे. तो नाही म्हणायचा, मी थांबायचे. आबाही नीट बोलत होते, हिकडून बॉल आला, तिकडं ग्येला. दुसऱ्या ओव्हरला ऋषीनं बॉल हलकेच पुढे ढकलला. मी पलीकडच्या टोकाला उभी होते. आणि आबांना राहवलं नाही. चाळीस वर्षांची सवय.

"आन् मंडळी, हितं सुटलेला हाय… भिर्रर्रर्र…"

माझे पाय सुटले. मी नाही पळाले, माझे पाय पळाले. अर्ध्या वाटेवर मला ऋषीचा आवाज आला, नाही, नाही, मागे जा. समोर बघते तर बॉल जवळच्याच फिल्डरच्या हातात. मागे फिरायला वेळ नव्हता. मी गेलेच होते.

आणि ऋषीनं आपली क्रीज सोडली. त्याला जागेवर उभं राहता आलं असतं, आऊट मी झाले असते. तो माझ्या शेजारून सरळ पलीकडे पळाला, आपण पोचणार नाही हे पक्कं माहीत असताना. मी त्याच्या जागी सुखरूप पोचले. त्याच्या समोर स्टंप उडाले. चार धावा कुणीही आऊट झालं तरी जाणारच होत्या, पण नाव त्याचं लागलं. जो पोरगा सबंध हंगामात एकदाही रनआऊट झाला नव्हता त्याचं.

मी त्याच्याकडे गेले. चूक माझी होती, तू कशाला पळालास, असं काहीतरी म्हणाले. तो बॅटनं जमीन उकरत होता.

"समृद्धीच्या टायमाला मी पळालो न्हाई," तो म्हणाला. "ती लई रडली व्हती." मग माझ्याकडे बघून, "तुमी पन रडला असता."

माझे डोळे भरून आले आणि मी म्हटलं, छे, मी कशाला रडेन. तो पहिल्यांदा हसला. अगदी बापासारखं, एका बाजूनं.

शेवटची ओव्हर माझ्या लेकीनं टाकली. आईबिई काही नाही, डोळे बारीक करून अशी धावत यायची की मलाच धडकी भरावी. शेवटचा बॉल उरला तेव्हा आमच्या वीस धावा झाल्या होत्या. एक काढली तर बरोबरी, दोन काढल्या तर जिंकलो. खेळायला मी. हातमोज्यांत घाम, पण असं वाटत होतं, की याहून चांगल्या जागी मी जन्मात कधी उभी राहिलेली नाही.

डावं कोपर वर. बॉलकडे बघ, तिच्याकडे नको.

टक्.

बॉल अमृतच्या बाजूला गेला. मैदान उठून उभं राहिलं. मी कुणाकडे पाहिलं नाही, फक्त ऋषीकडे. तो हो म्हणाला आणि मी पळाले. पलीकडे बॅट टेकवून वळते तर बॉल अमृतच्या दोन पायांतून निसटून मागे गेला होता आणि तो त्याच्यामागं धावत होता. लोक वेडे झाले. पळ, पळ, दुसरी पळ. आबा माईकवर घसा फोडून भिर्रर्र करत होते. माझा पाय उचलला. मी ऋषीकडे पाहिलं.

त्यानं तळहात वर केला. "थांब."

मी थांबले. अख्खी पेठ पळ म्हणत असताना मी जागच्या जागी थांबले, आणि त्याच क्षणी अमृतनं बॉल फेकला. जन्मात पहिल्यांदा सरळ. ऋषीच्या शेजारचे स्टंप गवतावर आडवे झाले. ऋषी क्रीजमध्ये बॅट टेकवून उभा होता. मी निघाले असते तर अर्ध्यातच सापडले असते.

एकवीसला एकवीस. बरोबरी. समृद्धी धावत येऊन आधी ऋषीच्या गळ्यात पडली, मग माझ्या. सर लंगडत लंगडत नाचत होते. आबा माईकवर जिंकलो जिंकलो म्हणत होते, कोण जिंकलं ते त्यांनाही माहीत नसावं.

मग मी लिंबाखाली बसले, पॅड सोडले आणि सवयीनं डबा उघडला. हाक मारली नाही. मान वर केली तर समोर ऋषी. तो माझ्याकडे न बघता शेजारी येऊन बसला.

"आज काय हाय?"

"गुळाच्या दशम्या."

"दोन द्या," तो म्हणाला. एक संपवली, दुसरीचा तुकडा तोंडात घातला. मग घास अडकल्यासारखा खोकला आणि म्हणाला, "काकू, पानी."

मी झाकण उघडून बाटली त्याच्या हातात दिली. टेबलाशी अमृत बक्षिसं जाहीर करायला उभा होता. त्यानं आम्हाला पाहिलं. आजच्या या रंगतदार सामन्याचे, एवढं तो माईकवर बोलला, आणि त्याचा तो खणखणीत आवाज मधेच फुटला. तो थांबला. त्यानं माईक बंद केला, टेबलावर ठेवला आणि चालत निघाला.

मीही उठले. कुठे निघाले ते कळत नव्हतं, शेजारची बॅट हातात कधी आली तेही. मी या बाजूच्या स्टंपांशी पोचले आणि तो त्या बाजूच्या. मधे बावीस यार्ड. तिथंच आम्ही दोघं थबकलो.

"हर्षाली," तो म्हणाला.

ताई नाही, मालकीणबाई नाही. माझं नाव त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं आणि ते इतकं छान आहे हे मला माहीत नव्हतं.

"आमी दोघं पेठंला यायचं म्हनतोय… ऱ्हायला. तुमच्या शेजारी न्हाई. तुमच्या घरात. समृद्धीची शाळा न्हाई मोडायची, तुमची नर्सरी न्हाई सोडायची, आबांना एकटं न्हाई ठेवायचं. मला तुमच्यासंगं लगीन करायचंय. तुमी हो म्हनलात तर."

वाक्य पूर्ण झालं होतं. माईक नव्हता, पण तो घाटघरचा गळा. पलीकडच्या नाशिक रस्त्यावर चाललेल्या गाड्यांनाही ऐकू गेलं असेल. मग काय विचारता. कुणी शिट्टी मारली, कुणी हो म्हणा म्हणून ओरडलं, कुणी बाई आधी विचार करा म्हणालं, आबा टेबलाकडे धावले. मी त्यातलं कुणाचंच ऐकलं नाही. मी लिंबाखाली पाहिलं.

ऋषी उभा राहिला होता. एका हातात दशमी, गाल फुगलेला. शेजारी समृद्धी त्याला कोपरानं ढोसत होती. त्यानं घाईघाईनं घास गिळला, मोकळा हात वर केला, आणि सामन्यात द्यायचा अगदी तस्साच कॉल दिला.

"काकू, हो!"

मी पळाले. बावीस यार्ड पळाले, आणि शेवटचं पाऊल टाकायच्या आधी, लेकीनं शिकवल्याप्रमाणे, बॅट पुढे करून क्रीजच्या आत टेकवली. मग वर पाहिलं.